शार्डोनेचं पिंप आणि आपलं मोहफूल : चव कोणाच्या कोठारात तयार होते?



या पानावर आपण धान, बोडी, तेंदू, मोह यांच्या नोंदी ठेवतो. आज द्राक्षाबद्दल लिहितो आहे, तेही वाइनच्या द्राक्षाबद्दल. आपल्या गोंदियात द्राक्षाची बाग शोधून सापडणार नाही. पावसाळाभर पानं ओली राहतात, केवडा आणि भुरी वेल उभीच राहू देणार नाहीत. मग हा विषय कशाला?

माझा भाचा नागपूरला एका हॉटेलात कामाला आहे. होळीला गावी आला तेव्हा म्हणाला, "मामा, लोक ओकवाली शार्डोने मागतेत. लाकडाच्या चवीची म्हणे. साध्या शार्डोनेपेक्षा महाग. हे लाकडाचे पैसे शेतकऱ्याला मिळतेत का?"

प्रश्न साधा होता, पण मला त्यानं बरंच वाचायला लावलं. वाचता वाचता लक्षात आलं की ही गोष्ट पिकाची आहे तितकीच कोठाराची आहे. म्हणून आपल्या कामाची आहे.

आधी द्राक्ष समजून घेऊ

शार्डोने ही पांढरी द्राक्षजात. मूळ फ्रान्सच्या बर्गंडी भागातली. त्याच भागात शार्डोने नावाचं गावही आहे. तिथल्या टेकड्यांवर मध्ययुगात सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी बागा वाढवल्या. या पंथाचा सितो इथला मठ १०९८ सालचा.

या द्राक्षाचे आईबाप कोण, हे मात्र १९९९ मध्ये डीएनए तपासणीनंतर कळलं. एक पालक पिनो, म्हणजे बर्गंडीची मानाची जात. दुसरा पालक गुए ब्लाँ. ही गुए ब्लाँ म्हणजे गरीब कुळांची, भरपूर पिकणारी, आंबट, हलक्या वाइनची जात. मोठे लोक तिला नाकं मुरडत. आपल्याकडं जाड्या धानाला जसं "मजुराचा तांदूळ" म्हणतेत, तशी तिची गत. आज जगभर मिरवणाऱ्या शार्डोनेत अर्धं रक्त त्या हिणवलेल्या जातीचं आहे. बियाणं जपणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता चवीचं. शार्डोनेचा स्वतःचा वास मंद असतो. मस्कत जातीसारखा तो नाकात घुसत नाही. थंड भागात पिकली तर हिरवं सफरचंद आणि लिंबू. मध्यम हवेत नासपती. उन्हाच्या भागात अननस, पिकलेला आंबा. एवढंच तिचं स्वतःचं. बाकी जे काही पेल्यात येते ते कोठारात तयार होते.

फ्रान्समध्येच दोन टोकं आहेत. बर्गंडीच्या उत्तरेला शाब्ली. थंड हवा, चुनखडीची जमीन, जमिनीत जुन्या समुद्रातल्या शिंपल्यांचे जीवाश्म. तिथली शार्डोने आज बहुतेक स्टीलच्या टाकीत होते. चव कोरडी, आंबट, पहिल्या पावसात ओल्या झालेल्या दगडासारखी. दक्षिणेला मर्सो गाव. तिथं तीच जात ओकच्या पिंपात ठेवतात. चव जाड, लोण्यासारखी, भाजलेल्या बदामाच्या जवळची. द्राक्ष एकच, पण पेले शेजारी ठेवले तर नवखा माणूस म्हणेल, या दोन वेगळ्या जाती आहेत.

पिंपातून नेमकं काय येते

ओकच्या लाकडात काही द्रव्यं असतात. व्हॅनिलिन असते, त्यानं व्हॅनिला आइस्क्रीमचा वास येतो. लॅक्टोन असते, त्यानं ओल्या खोबऱ्याचा. अमेरिकन ओकमध्ये हे खोबरं जास्त जाणवते, फ्रेंच ओकमध्ये कमी. युजेनॉल असते, तेच आपल्या लवंगेतलं. पिंप बनवताना आतून विस्तवावर शेकतात. कमी शेकलं तर लाकडाचा कोवळा वास राहतो, मध्यम शेकलं तर भाजलेला पाव आणि साखरेचा पाक, जास्त शेकलं तर धूर आणि कॉफी. म्हणजे पिंपवाला शेकण्याचा अंदाज घेतो, आपली बाई जशी तव्यावर भाकरीचा घेते.

लोण्याची चव मात्र लाकडाची नसते, इथं पुष्कळांची गल्लत होते. द्राक्षात मॅलिक आम्ल असते, हिरव्या सफरचंदातलं. वाइन तयार झाल्यावर काही जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातलं. या कामात डायॲसिटिल नावाचं द्रव्य निघते, आणि लोण्याचा वास त्याचा. स्टीलच्या टाकीतही हे होऊ शकते. ठेवायचं की थांबवायचं, हे वाइन करणारा ठरवतो.

तिसरी गोष्ट गाळाची. आंबवण झाल्यावर यीस्ट मरून तळाशी बसते. बर्गंडीत तो गाळ लगेच काढत नाहीत. काठीनं अधूनमधून ढवळतात. त्यातून ताज्या पावाचा वास आणि तोंड भरणारा जाडपणा येतो. आणि एक बारकावा आहे. तयार वाइन पिंपात ओतली तर लाकूड उघडं पडते. रसच पिंपात आंबवला तर यीस्ट लाकडाचा तुरटपणा बराच ओढून घेते, मग चव मिसळून येते.

पिंपाच्या फटींतून थोडीथोडी हवा आत जाते, थोडी वाइन उडून जाते, म्हणून वरून भर घालत राहावी लागते. नवं पिंप चव भरपूर देते. तीनचार हंगामांनंतर ते नुसतं भांडं उरते, चव जवळजवळ देत नाही. म्हणून लेबलवर "ओक" लिहिलं तरी नवं किती आणि जुनं किती, यावर सगळं अवलंबून. बर्गंडीचं पिंप २२८ लिटरचं. नव्या फ्रेंच पिंपाला भारतात आणेपर्यंत लाखाच्या घरात पैसे जातात, आणि चव देण्याचं त्याचं आयुष्य हे एवढंच.

भाच्याला मी पहिलं उत्तर हे दिलं : लाकडाचे पैसे आधी जंगलाला आणि पिंपवाल्याला जातात.

जंगलाची गोष्ट

आपण जंगलाच्या कडेचे लोक, म्हणून हा भाग मला फार आवडला.

पिंप आलं ते चवीसाठी नाही, वाहतुकीसाठी आलं. रोमन लोक वाइन मातीच्या उंच घागरींत भरत. गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे लोक, लाकडी पिंपं करत. पिंप फुटत नाही, गडगडत नेता येते, नावेवर चढवता येते. हळूहळू घागरी मागे पडल्या. वाइन पिंपात राहिल्यानं गोलाई येते, हे माणसाला नंतर उमगलं.

१६६९ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेअर यानं फ्रान्ससाठी मोठा वनकायदा केला. त्याला आरमारासाठी ओक हवा होता. त्रोंसे नावाच्या जंगलात ओक राखला, वाढवला. ओक तयार व्हायला दीडदोनशे वर्षं लागतात. झाडं उभी राहिली तोवर जहाजं लोखंडाची झाली! आज त्याच त्रोंसेचा ओक वाइनच्या पिंपांसाठी नावाजलेला आहे. दाट राखलेल्या जंगलात झाड हळू वाढते, वलयं बारीक पडतात, आणि बारीक धाग्याच्या लाकडाची चव संथ उतरते.

फ्रेंच ओक करवतीनं कापून चालत नाही. धाग्याच्या रेषेत फाडावा लागतो, नाहीतर पिंप गळते. म्हणून बरंच लाकूड वाया जाते. अमेरिकन ओकच्या नळ्या नैसर्गिकच बुजलेल्या असतात, तो करवतीनं कापता येतो, म्हणून स्वस्त पडतो. फाडलेल्या फळ्या दोनतीन वर्षं उघड्यावर ऊनपाऊस खात पडून राहतात, तेव्हा त्यातला कडवटपणा धुऊन जातो. लगेच माल, लगेच पैसा हा हिशेबच तिथं चालत नाही.

पिंप ज्याचं, भाव त्याचा

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

१९३० च्या दशकापर्यंत बर्गंडीचा बहुतेक शेतकरी आपली वाइन पिंपासकट बोन शहरातल्या व्यापाऱ्याला विकत असे. व्यापारी दहा गावांची वाइन मिसळायचा, बाटलीत भरायचा आणि स्वतःचं नाव लावायचा. शेतकऱ्याचं नाव कुठंच नाही. जुनवायला जागा नाही, पैसा अडकवायची ताकद नाही, म्हणून हंगामातच विक्री. आपला धान मळणी होताच व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, तसंच की नाही?

मंदी आली, व्यापाऱ्यांनी उचल कमी केली. तेव्हा व्होलने गावचे दांजरव्हील, नुई गावचे हेन्री गूज यांच्यासारख्या काही बागायतदारांनी आपली वाइन आपल्याच तळघरात जुनवून, आपल्याच नावानं बाटलीत भरायला सुरुवात केली. भेसळीविरुद्धही ते बोलत होते. १९३५ मध्ये फ्रान्सनं मूळ-गावाच्या नावाचा कायदा केला. कोणत्या गावाच्या, कोणत्या जातीच्या, कशा वाइनला ते नाव लावता येईल, हे बांधून दिलं. आज मर्सो, शाब्ली ही नावं बाटलीवर दिसतात आणि त्यांचे पैसे गावात येतात, ते यामुळं.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात सोनोमा भागातल्या हॅन्झेल वाइनरीनं बर्गंडीची पिंपं मागवून शार्डोने केली. पुढं २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-विक्रेत्यानं नावं झाकून चाखणी ठेवली. परीक्षक फ्रेंच. पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाच्या शातो मोंटेलिनाची १९७३ ची शार्डोने. करणारा माइक ग्रगिच, क्रोएशियातून आलेला, वाइन करणाऱ्या शेतकरी घरातला. फ्रेंचांना धक्का बसला, जगात गाजावाजा झाला. पण त्या वाइनची बरीच द्राक्षं वाइनरीच्या मळ्यातली नव्हती. सोनोमाच्या बॅसिगालुपी कुटुंबासारख्या शेतकऱ्यांकडून ती विकत घेतलेली होती. नाव झालं वाइनरीचं. त्या कुटुंबाचं नाव लोकांना फार उशिरा कळलं.

अति झालं तेव्हा

त्या यशानंतर १९८० आणि ९० च्या दशकात कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात लाट आली. लोकांना लोणी, व्हॅनिला, थोडा गोडवा आवडतो असं दिसलं. मग सगळ्यांनी तेच केलं. पिंप महाग, म्हणून स्टीलच्या टाकीत ओकच्या फळ्या सोडल्या, ओकचे भाजलेले तुकडे टाकले. युरोपीय संघानंही २००६ मध्ये तुकड्यांना परवानगी दिली. तुकड्यानं वास येतो, पण पिंपातली संथ हवा येत नाही. द्राक्ष कच्चं असो की पिकलेलं, बाग डोंगरावरची असो की पाटाच्या पाण्यावरची, चव एकच झाली. लोक कंटाळले. "शार्डोने सोडून काहीही द्या" असं गिऱ्हाइकं म्हणू लागली, त्याचं घोषवाक्यच झालं.

मग काटा उलट फिरला. बिनओकची शार्डोने ही विकायची गोष्ट झाली. आज चांगले करणारे मध्ये आले आहेत. नवी पिंपं थोडी, जुनी जास्त, लोणी बेतानं, द्राक्ष ओळखू येईल इतपतच लाकूड. मसाला भाजीच्या चवीवर चढू नये, हे आपल्या घरच्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. त्यांना ते शिकायला वीसेक वर्षं लागली.

महाराष्ट्रात

आपल्या राज्यात आधुनिक वाइनची वाट नारायणगावच्या शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात काढली. फ्रेंच तंत्र आणून त्यांनी फसफसणारी वाइन केली. पुढं १९९० च्या दशकाअखेर राजीव सामंत यांनी नाशिकला सुला उभी केली. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आणि नाशिक, सांगली, सोलापूर भागात वाइनरी वाढल्या.

शार्डोनेचं ठळक नाव घ्यायचं तर अकलूजजवळची फ्रातेली. इटालियनमध्ये फ्रातेली म्हणजे भाऊ. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी ती मिळून काढली. टस्कनीचे पिएरो मासी वाइन करायला आले. सोलापूरच्या कोरड्या माळावर त्यांनी शार्डोने लावली, आणि त्यांची 'व्हिते' नावाची शार्डोने फ्रेंच ओकमध्ये होते.

कृषीवाल्यांसाठी थोडं तपशिलात. आपल्याकडं वेल झोपत नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या : एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी. वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. त्या दिवसांत दुपारचं ऊन चढत असते. साखर भरभर वाढते आणि आम्ल भरभर उतरते. शार्डोने आधीच लवकर पिकणारी. दोनचार दिवस उशीर झाला की रस मऊ पडतो. म्हणून तोडणी रात्री किंवा पहाटे, आणि आम्ल पाहून. म्हणूनच आपल्याकडं लोण्यासाठी सगळं मॅलिक आम्ल मोडून चालत नाही, उरलेला आंबटपणाही जातो. बर्गंडीची कृती जशीच्या तशी उचलली तर अकलूजमध्ये पेला सपाट होईल. कृती हवेप्रमाणं बदलावी लागते.

मोहाकडं

१८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा किडीनं फ्रान्सच्या बागा मुळातून खाल्ल्या. उपाय सापडला तोही अमेरिकन : त्यांच्या रानटी द्राक्षाच्या खुंटावर कलम. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागाही आज अमेरिकन डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत, आपल्याकडं कारण वेगळं, क्षार आणि पाण्याची ओढ. पण त्या काळात युरोपाला दारू गाळायला माल कमी पडला, तेव्हा मुंबई बंदरातून मोहाची वाळली फुलं फ्रान्सला जात होती. म्हणजे आपल्या झाडीतलं फूल आणि बर्गंडीची वेल एकदा इतक्या जवळ आली होती!

पुढं काय झालं? तिकडं कायद्यानं गावाचं नाव राखलं. इकडं इंग्रजी अबकारी कायद्यांनी गावातली भट्टी गुन्ह्यात ढकलली, मक्ता आणि सरकारी दारू आणली. मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये मोहफुलावरच कायदा झाला. गोळा करणाऱ्याच्या हातात फक्त कच्चं फूल उरलं. महाराष्ट्रात मोहफूल गोळा करणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं २०२१ मध्ये सैल झाली.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी दारूचं कौतुक करत नाही. शेजारच्या गडचिरोलीत बायांनी लढून १९९३ मध्ये दारूबंदी आणली, ती काही हौसेनं नाही. दारूनं मोडलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण मोह म्हणजे नुसती दारू नाही. वाळल्या फुलात निम्म्याच्या वर साखर असते. लाडू, मनुक्यासारखं सुकं फूल, काकवीसारखा पाक, टोरीचं तेल हे सगळं त्याचंच. चैत्रात पहाटे आपल्या बाया फुलं वेचतात, आठवड्यात विकतात, आणि तीच फुलं पावसाळ्यात दीडपट-दुप्पट भावानं फिरतात. फरक पडतो तो फक्त कोरड्या कोठाराचा.

शार्डोनेच्या इतिहासातून मला आपल्यासाठी दिसते ते हे. द्राक्षाची मंद चव कोठारात वाढली, आणि कोठार ज्याच्या हाती त्यानं भाव घेतला. बर्गंडीच्या शेतकऱ्यानं तळघर आणि नाव दोन्ही आपल्या हाती घेतलं, तेव्हाच त्याची सुटका झाली. वनहक्क कायद्यानंतर देवरी, अर्जुनी मोरगाव भागातल्या ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकायला शिकल्या. मोहफुलासाठी पुढची पायरी साठवणीची आहे. स्वच्छ जाळीवर वेचलेलं, सावलीत वाळवलेलं, ओल मोजून भरलेलं फूल, आणि पोत्यावर गावाचं नाव.

उद्या कोणी मोहाला ओकच्या पिंपात घालायचा सल्ला दिला तर मी दोनदा विचार करीन. शार्डोने मंद म्हणून लाकूड सोसते. मोहाला स्वतःचा दांडगा वास आहे. त्यावर व्हॅनिला चढवला तर मोह कुठं उरला? कॅलिफोर्नियानं ते करून पाहिलं आहे.

भाच्याला शेवटचं उत्तर असं दिलं : लाकडाचे पैसे शेतकऱ्याला मिळतात, पण कोठाराची चावी त्याच्याकडं असेल तरच.

तुमच्या गावात मोहफूल सामूहिक साठवत असतील तर कसं वाळवता, किती ओलीवर भरता, कीड लागू नये म्हणून काय करता, ते जरूर लिहून कळवा. चैत्राच्या आधी ती नोंद सगळ्यांच्या कामी येईल.